मार्च एंड आणि उलंगवाडी

‘एंड’ हा इंग्रजी शब्द बोरी अरबमध्ये सर्वांत जास्त ऐकू येतो तो मार्च महिन्यात. एरवी त्याचे फारसे काम पडत नाही. होळी झाली, की सोसायटीचे गटसचिव, बँकेचे वसुलीवाले, ग्रामपंचायतीचा शिपाई, पतसंस्थेचा पिग्मी एजंट, सगळ्यांच्या तोंडी एकच जोडशब्द असतो : मार्च एंड. “मार्च एंडले भरा लागते, भाऊ,” हे वाक्य बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ‘एंड’चे स्पेलिंग ठाऊक असेलच असे नाही. त्याची गरजही नाही. शब्दाला वऱ्हाडी ‘ले’ लागला, की तो गावचा झाला.

बोरी अरब हे यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातले, यवतमाळ–दारव्हा रस्त्यावरचे, अडाण नदीकाठचे गाव. भोवती कापूस, सोयाबीन आणि तूर. या पट्ट्यात शेवटासाठी, संपण्यासाठी आणि संपवण्यासाठी जे शब्द बोलले जातात, ते या छोट्या संग्रहात एकत्र केले आहेत. त्यांत काही अस्सल वऱ्हाडी आहेत, काही पोथ्यांमधून आलेले, काही निजामाच्या कारकिर्दीतल्या कचेऱ्यांनी मागे ठेवलेले आणि काही इंग्रजी. संग्रह करताना सर्वांत जास्त छळले ते ‘एंड’ या शब्दाने. त्यामुळे प्रस्तावनेचा बराचसा भाग त्यानेच खाल्ला आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

इंग्रजीत या शब्दाचा संसार मोठा आहे. काळाचा शेवट म्हणजे एंड, दोरीचे टोक म्हणजे एंड, लंडनसारख्या शहराची पूर्वेकडची बाजूही एंडच. माणसाचा मृत्यू, मनात धरलेला हेतू, उरलेसुरले तुकडे, खेळाच्या मैदानाची एक बाजू, कापडातला उभा धागा, हे सगळे त्या तीन अक्षरांच्या पोटात. मोल्सवर्थने सुरू केलेला आणि कँडीने पुरा केलेला इंग्रजी–मराठी कोश 1847 साली छापला गेला, तेव्हापासून प्रत्येक कोशकाराला अशा शब्दासमोर मराठी शब्दांची रांग उभी करावी लागली आहे. शेवट, अखेर, अंत, टोक, कड, समाप्ती, सांगता, परिणाम, हेतू. कोशकाराचे काम तेवढ्यावर भागते. आमच्यापुढचा प्रश्न उलटा होता. एवढ्या मोठ्या संसारातून गावाने नेमके काय उचलले, आणि काय दारातूनच परत पाठवले?

उत्तर शोधताना हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. तीच या प्रस्तावनेचे म्हणणे आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. जो शेवट दुसरा कोणी ठरवतो, तारीख घालून देतो आणि आपण फक्त पाळायचा असतो, त्याला गाव इंग्रजी नाव देते. जो शेवट आपल्या हाताने, आपल्या श्रमाने किंवा आपल्या दुःखाने होतो, त्याला मराठीच नाव राहते. या नियमाला अपवाद आहेत, आणि ते मजेचे आहेत. ते पुढे येतीलच.

आधी एक कौटुंबिक माहिती. ‘एंड’ आपल्याकडे पाहुणा म्हणून आला खरा, पण तो ‘अंत’चा सख्खा चुलतभाऊ आहे. संस्कृत ‘अन्त’ आणि इंग्रजी ‘एंड’ हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळापासून फुटले, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. त्या मुळाचा अर्थ कपाळ, पुढची बाजू, समोरचा भाग असा मानला जातो. लॅटिनमधले ‘आधी’ या अर्थाचे ‘आन्ते’ त्याच घराण्यातले. म्हणजे ज्याला आज आपण शेवट म्हणतो, ती मुळात वस्तूची आपल्याकडे तोंड करून असलेली बाजू होती. हे ऐकायला विचित्र वाटते, पण मराठीत त्याचा पुरावा जिवंत आहे. मिळकतीत खर्च कसाबसा बसवणे याला इंग्रज माणूस ‘दोन एंड जुळवणे’ म्हणतो. आपण ‘तोंडमिळवणी करणे’ म्हणतो. त्याला टोके जुळवायची असतात, आपल्याला तोंडे.

चुलतभावांच्या वाटा मात्र वेगळ्या झाल्या. ‘अंत’ पोथीत गेला आणि मोठा झाला. वेदान्त, सिद्धान्त, दृष्टान्त, वृत्तान्त. बोलीत त्याच्या वाट्याला एकच मोठे काम उरले, ते म्हणजे ‘अंत पाहणे’. बँकेत तिसऱ्यांदा हेलपाटा पडला, की माणूस म्हणतो, “अंत पाहू नका साहेब.” इथे अंत म्हणजे सहनशीलतेची सीमा. साहेब ‘एंड’ सांगत असतात आणि समोरचा ‘अंत’ सांगत असतो. दोघांचे रक्त एक आहे, हे त्या टेबलावर कुणाला सुचणे शक्य नाही.

आता मार्च एंडकडे वळू. हा शब्द समजायचा तर आधी हे पाहावे लागेल, की एका गावात वर्ष किती वेळा संपते. व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीत वहीपूजनाने बदलते. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला भरते. त्या दिवशी हिशेब होतो, उचल वजा होते आणि पुढच्या सालाचा सौदा ठरतो. तलाठ्याचे महसुली वर्ष 31 जुलैला संपते, म्हणून 1 ऑगस्ट हा महसूल दिन. कापूस बाजाराचा हंगाम 30 सप्टेंबरला संपून 1 ऑक्टोबरला नवा सुरू होतो. भिंतीवरचे कॅलेंडर 31 डिसेंबरला बदलते, पण त्याने गावात कुणाचे काही अडत नाही. आणि सरकारचे व बँकेचे वर्ष 31 मार्चला संपते. एवढ्या सगळ्या वर्षाखेरींत ‘एंड’ हे नाव फक्त या शेवटच्या तारखेला मिळाले. दिवाळी एंड कुणी म्हणत नाही. पाडवा एंड तर कानालाही टोचते.

31 मार्च ही तारीख आपल्या मातीतून उगवलेली नाही. ब्रिटिश हिंदुस्थानचे आर्थिक वर्ष आधी मे ते एप्रिल असे असे. 1867 पासून ते एप्रिल ते मार्च झाले, इंग्लंडच्या सरकारी वर्षाशी जुळावे म्हणून. स्वातंत्र्यानंतर ते बदलण्याची चर्चा अनेकदा झाली. एल. के. झा समितीने 1985 साली जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष सुचवले, कारण पावसाळ्याचे यशापयश कळल्यावर अंदाजपत्रक मांडता यावे. ते स्वीकारले गेले नाही. 2016 साली शंकर आचार्य यांच्या समितीने पुन्हा हा प्रश्न तपासला. वर्ष जिथल्या तिथे राहिले. त्यामुळे दारव्हा तालुक्यातला शेतकरी आजही लंडनच्या कोषागाराशी जुळवलेल्या तारखेला पीककर्ज भरतो. त्या तारखेला त्याच्याकडचा कापूस विकून झालेला असतो किंवा भाव वाढेल म्हणून घरात पडलेला असतो. हाती रोकड असतेच असे नाही.

यातून जी युक्ती निघाली तिला मात्र गावाने आपले नाव दिले : नवं-जुनं. मार्च संपायच्या आत कुठून तरी पैसे आणायचे, जुने कर्ज भरायचे, खाते कोरे करायचे आणि थोड्याच दिवसांत तेच कर्ज नव्याने उचलायचे. मधल्या दिवसांपुरता पैसा नातेवाइकाकडून येतो, अडत्याकडून येतो, नाहीतर सावकाराकडून, त्याचे व्याज देऊन. बँकेच्या कागदावर एक कर्ज संपले आणि दुसरे सुरू झाले. शेतकऱ्याच्या लेखी काहीच संपले नाही. ‘नवं-जुनं’ या शब्दात संपण्याचा उल्लेखसुद्धा नाही, हे पाहण्यासारखे आहे. शिवाय नवे आधी आणि जुने नंतर. मला हा शब्द संपूर्ण संग्रहातला सर्वांत हुशार शब्द वाटतो.

तारीख पाळण्याचा आणि न पाळण्याचा हिशेब पुढे कसा उलटतो, हेही याच शब्दाशी बांधलेले आहे. डिसेंबर 2019 मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. 1 एप्रिल 2015 ते 31 मार्च 2019 या काळात उचललेले आणि 30 सप्टेंबर 2019 रोजी थकीत असलेले दोन लाखांपर्यंतचे पीककर्ज तीत माफ व्हायचे होते. ज्याने मार्च एंड चुकवला तो यादीत आला. ज्याने सावकाराचे व्याज सोसून नवं-जुनं केले, तो कोरा म्हणून बाहेर राहिला. नियमित फेड करणाऱ्यांना 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम मिळू लागली ती 2022 मध्ये. चावडीवरच्या चर्चेत तेव्हा जे ऐकू आले ते इथे छापण्याजोगे नाही, पण त्यातला मुद्दा रास्त होता. दुसऱ्याने ठरवलेला शेवट पाळला तरी फायदा होईलच, याची हमी तो ठरवणारा देत नसतो.

सरकारच्या शेवटांत आणखी एक शब्द येतो आणि तो इंग्रजी नाही. अंतिम पैसेवारी. खरिपाची आधी नजरअंदाज पैसेवारी निघते, मग सुधारित, आणि डिसेंबरअखेर अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलती, वर गेली तर काही नाही. हाही दुसऱ्याने ठरवलेलाच शेवट, मग त्याला ‘फायनल पैसेवारी’ का म्हणत नाहीत? माझा अंदाज असा, की ‘पैसेवारी’ आणेवारीच्या जुन्या वंशातला आहे, त्याला कागदावर संस्कृत विशेषण शोभते. बोलताना मात्र लोक सर्रास विचारतात, “फायनल किती आली?” म्हणजे नियम कागदावर मोडला आणि तोंडी पाळला गेला.

अपवादांचे म्हणाल तर पहिला मान क्रिकेटचा. टेनिस बॉलची स्पर्धा असली, की “त्या एंडून टाक” असे पोरे ओरडतात. इथे एंड म्हणजे शेवट नव्हेच, खेळपट्टीची एक बाजू. वानखेडे मैदानावर गरवारे पॅव्हेलियन एंड आहे, टाटा एंड आहे. तुरीच्या कापलेल्या वावरात असली नावे नसतात, म्हणून तिथे नाल्याकडचा एंड आणि रोडकडचा एंड. शब्दाचा कपाळ, समोरची बाजू हा सर्वांत जुना अर्थ या पोरांनी नकळत जपला आहे. दुसरा अपवाद सिनेमाचा होता. पडद्यावर ‘दि एंड’ यायचे, पण लोक म्हणायचे “पिक्चर सुटला”. आता तेही येत नाही, नावांची यादी येते आणि दिवे लागतात. ‘सुटणे’ या क्रियापदाबद्दल संग्रहात वेगळी नोंद आहे. शाळा सुटली म्हणजे संपली, एसटी सुटली म्हणजे निघाली. परभाषेच्या माणसाला हे समजावताना घाम फुटतो.

तिसऱ्या अपवादासाठी गाव सोडून गिरणीत जावे लागेल. कापडात लांबीच्या दिशेने जाणारा प्रत्येक उभा धागा गिरणीच्या इंग्रजीत ‘एंड’ असतो. इंचात उभे एंड किती आणि आडवे ‘पिक’ किती, यावर कापडाची घनता सांगतात. सूत कातण्याची एक पद्धतच ‘ओपन एंड’ नावाची आहे. तीत तंतूंचा प्रवाह मध्ये तोडून फिरत्या रोटरमध्ये पुन्हा पिळला जातो आणि आखूड तंतूची रुईसुद्धा चालते. ही सगळी भाषा वऱ्हाडच्या कापसावर वाढली आहे, पण वऱ्हाडात फारशी बोलली जात नाही. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. 1861 ते 1865 या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, तेव्हा इथल्या कापसाला अचानक भाव आला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तिथे सुरू झाली. इथल्या माणसाने कापूस, सरकी, रुई, गठाण हे शब्द बोलले. गठाण गाडीत चढली, की पुढचे शब्द दुसऱ्यांचे. धाग्याला एंड म्हणणारे लोक आणि बोंड वेचणारे लोक यांची गाठ पडली ती फक्त भावात.

ही गठाण वाहण्यासाठीच शकुंतला आली. मूर्तिजापूर–कारंजा–दारव्हा–यवतमाळ ही 762 मिलिमीटर रुळांची अरुंद गाडी, किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या खासगी मालकीची, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात धावू लागली. तिची दुसरी शाखा मूर्तिजापूरहून अचलपूरला जाई. देशातल्या बाकीच्या रेल्वे सरकारच्या मालकीच्या झाल्या तरी ही मालकी कंपनीकडेच राहिली, सरकारी रेल्वे ती चालवत राहिली आणि करार पुढे सरकत राहिले. मँचेस्टरच्या बनावटीचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत ओढत होते, मग डिझेल आले. दारव्ह्याचे मोतीबाग स्टेशन या भागातल्या दोन-तीन पिढ्यांच्या बोलण्यात घरच्या माणसासारखे येते.

शकुंतला संपली कधी? हा प्रश्न मी अनेकांना विचारला आणि प्रत्येकाचे क्रियापद वेगळे निघाले. कुणी म्हणाले ‘बंद पडली’, कुणी ‘बंद केली’, कुणी ‘बंद आहे’. पडली म्हणणाऱ्याच्या मते ती जुनी झाली होती. केली म्हणणाऱ्याच्या मनात कुणाचे तरी नाव होते. आहे म्हणणारा अजून वाट पाहतो. सरकारी कागदावर रुळांच्या रुंदीकरणाचा विषय आहे, त्यामुळे कागदावरही ती संपलेली नाही. शेवटच्या गाडीला हार घालण्याचा, भोंगा वाजवण्याचा समारंभ कुणी केला नाही. कारण ती शेवटची आहे असे कुणी सांगितलेच नाही. टर्मिनस हा भारदस्त शब्द बोरीबंदरसारख्या ठिकाणी शोभला. यवतमाळच्या त्या लहान स्टेशनला, रूळ तिथेच संपत असूनही, कुणी टर्मिनस म्हटल्याचे ऐकिवात नाही. दरम्यान वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गाचे काम चालू आहे, आणि त्याच्या वर्धा–कळंब टप्प्यावर फेब्रुवारी 2024 मध्ये गाडी सुरू झाली. नव्या गाडीच्या उद्घाटनाची तारीख असते. जुन्या गाडीच्या संपण्याची नसते. आमच्या संग्रहात ‘बंद’ या शब्दाखालची नोंद सर्वांत लांब आहे, ती यामुळे.

एवढे झाल्यावर ज्या शब्दासाठी हा उद्योग मांडला त्याकडे येतो. उलंगवाडी. विदर्भाबाहेरच्या वाचकाला हा शब्द कदाचित माहीत नसेल. कपाशीची शेवटची वेचणी होते, झाडावर उरलीसुरली कवडी बोंडे तोडली जातात, जनावरे वावरात सोडायला मोकळीक होते, पऱ्हाटी उपटून जळणासाठी गोळा होते, ती उलंगवाडी. पहिल्या वेचणीला सीतादही करतात. वेचणाऱ्या बाया वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवून सुरुवात करतात. शेवटच्या वेचणीला पूजा नसते, पण नाव असते. उलंगवाडीची तारीख कुणी जाहीर करत नाही. पाऊस किती झाला, जमीन हलकी की भारी, बाया मिळाल्या की नाही, यावर ती ठरते. एका शिवारात दोन धुऱ्यांच्या अल्याड-पल्याड ती वेगवेगळ्या आठवड्यांत होते. शब्द पुढे शेताबाहेरही गेला. लग्न आटोपून मांडव निघाला, यात्रा उठली, पक्षाचे कार्यालय निवडणुकीनंतर ओस पडले, सगळ्याला उलंगवाडी म्हणतात. त्यात थोडी थट्टा असते, थोडा सुस्काराही असतो. अखेर, समाप्ती, सांगता यांपैकी एकही शब्द तिथे बसत नाही. सांगता देवाच्या कार्याची होते. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने आणि पंगतीने व्हावी हे ठरलेले. उलंगवाडीत ठरलेले असे काही नाही, फक्त आता इथे काढण्याजोगे काही उरले नाही, एवढे कळलेले असते.

आणि ते कळूनही न मानणारा शब्द म्हणजे फरदड. उलंगवाडी करायच्या वेळी कपाशी तशीच ठेवायची, ओलिताची सोय असेल तर एखादे पाणी द्यायचे आणि पुन्हा फुटणाऱ्या बोंडांचा कापूस घ्यायचा, ही फरदड. हलक्या प्रतीचा, पण बियाण्याचा खर्च नसलेला कापूस. चार पैसे जास्त. पूर्वी याला कुणाची हरकत नव्हती. 2002 मध्ये बीटी कापूस आला, पुढे त्याची सुधारित वाणे आली, आणि काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी त्याला दाद देईनाशी झाली. 2017 च्या हंगामात विदर्भात तिने जो हाहाकार केला तो यवतमाळ जिल्ह्याने पुरेपूर भोगला. फरदड ठेवली, की अळीला उन्हाळ्यापर्यंत खाणे मिळते. पऱ्हाटी वावरात किंवा धुऱ्यावर पडून राहिली, की तीत ती दबा धरून बसते आणि पुढच्या पेऱ्यावर तुटून पडते. म्हणून नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग दरवर्षी सांगतात : फरदड घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीच्या आत पीक संपवा.

सल्ला बरोबर आहे यात मला शंका नाही. पण शब्दांच्या बाजूने पाहिले तर फार मोठी गोष्ट घडते आहे. जो एकच शेवट सर्वस्वी शेतकऱ्याच्या हातात होता, त्याचीही तारीख आता बाहेरून येऊ लागली. कृषी विभागाच्या मेळाव्यात ‘क्रॉप टर्मिनेशन’ हा शब्द मी ऐकला आहे. तो अजून बांधावर रुळलेला नाही. रुळला, तर वर सांगितलेला नियम पुन्हा एकदा खरा ठरेल आणि ‘उलंगवाडी’ फक्त लग्नमांडवापुरती उरेल. ती शेतात राहावी असे वाटत असेल, तर पत्रके काढणाऱ्यांनी एवढेच करावे : “वेळेवर उलंगवाडी करा” असे छापावे. अर्थ तोच आहे, आणि समजावून सांगायला माणूस लागणार नाही.

मृत्यूच्या शब्दांबद्दल थोडे. इंग्रजीत ‘एंड’ सहज मृत्यूकडे वळतो. मराठी गावात तो तिथे गेलाच नाही. तिथे गेले ते ‘ऑफ’ आणि ‘एक्स्पायर’. “मामा ऑफ झाले” हा निरोप फोनवर सांगायला सोपा जातो, कारण तो परका आहे. ‘मेले’ म्हणवत नाही, ‘निवर्तले’ छापील वाटते, ‘गेले’ म्हटले तर समोरचा विचारतो, कुठे? आपल्या भाषेला शेवट उच्चारण्याचा मुळातच संकोच. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. निघताना ‘जातो’ म्हणायचे नसते. ज्या भाषेने एवढी काळजी घेतली, तिला मृत्यूसाठी एक निर्विकार शब्द हवाच होता आणि तो इंग्रजीने पुरवला. औषधाच्या बाटलीवरचा ‘एक्स्पायरी’ आणि माणसाचा ‘एक्स्पायर’ यांत गावाला काही खटकत नाही. मात्र त्या निरोपापलीकडचे सगळे मराठीत. तेरवी ही तेरवीच असते. तेरवीचे कार्ड इंग्रजीत छापलेले या भागात मला दिसलेले नाही.

याच जिल्ह्यात राहून ज्या मृत्यूंबद्दल बोलणे टाळता येत नाही, त्यांच्या बातम्यांची भाषा मला अस्वस्थ करते. चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी पत्नी आणि चार मुलांसह मृत्यू जवळ केला. महागाव तालुक्यातले ते गाव. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून तिची आठवण आजही अन्नत्याग करून पाळली जाते. तेव्हापासून वर्तमानपत्रांना ‘जीवनयात्रा संपवली’ ही ठोकळेबाज ओळ सापडली आहे. यात्रा संपवणारा कर्ता एकच, बाकी कुणाचा हात नाही, असे ती ओळ सुचवते. त्यानंतर प्रकरण सरकारी समितीपुढे जाते आणि त्याला दोनच शब्द मिळतात, पात्र किंवा अपात्र. या नोंदी आम्ही संग्रहात ठेवल्या आहेत. त्यांच्याखाली उदाहरणवाक्ये दिलेली नाहीत.

राहिला ‘एंड’चा हेतू हा अर्थ. तो इथे अजिबात आला नाही, आणि त्याची गरज पडली नाही. साधन शुद्ध नसेल तर साध्यही शुद्ध राहत नाही, हा वाद शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्राम आणि पवनारला, अनेक वर्षे साध्या मराठी-हिंदीत झाला. साध्य आणि साधन या जोडीत शेवटाची छाया नाही. इंग्रजीला आणि तिच्याआधी ग्रीकला संपणे आणि ध्येय एकाच शब्दात बसवता आले. आपल्याकडे ती दोन वेगळी खाती राहिली, ते बरेच झाले म्हणायचे.

संग्रह वापरण्याबद्दल दोन शब्द. नोंदी अकारविल्हे लावलेल्या आहेत, पण पहिल्यांदा वाचताना ‘उलंगवाडी’, ‘नवं-जुनं’, ‘फरदड’, ‘बंद’ आणि ‘वाढवणे’ या पाच आधी वाचाव्यात. बाकीच्या त्यांच्याभोवती फिरतात. उच्चार दारव्हा भागातले दिले आहेत. पुसद-उमरखेडकडे, वणीकडे आणि नदीपलीकडच्या वाशीम जिल्ह्यात यांतले पुष्कळ शब्द निराळ्या रूपात, क्वचित निराळ्या अर्थाने बोलले जातात. त्यासाठी प्रत्येक पानाला मुद्दाम रुंद समास सोडला आहे. आपल्या गावचा शब्द वेगळा असेल तर तो तिथे लिहावा, आणि शक्य झाल्यास तो कोणाच्या तोंडून, कोणत्या कामाच्या वेळी ऐकला हेही लिहावे.